इंजेक्टर क्लीनरची बाटली: कुणी घ्यावी, कोणती घ्यावी आणि कुणी पैसे वाचवावेत

आधीच सांगून टाकते, इंजेक्टर साफ व्हावेत म्हणून टाकीत ओतायच्या या बाटल्या मी विकते. मिरजेत आमचं चारचाकीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता काउंटरला मी बसते. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांवर गिऱ्हाईक घासाघीस करतं, वर मिस्त्रीचं कमिशन जातं, हातात फार उरत नाही. इंजेक्टर क्लीनरवर मात्र बरे पैसे सुटतात. त्यामुळे सरसकट "घ्याच" म्हणणं माझ्या सोयीचं होतं. पण आडपडदा न ठेवता खरं सांगायचं तर बाजारातल्या या बाटल्यांतल्या निम्म्या रॅकवर ठेवायच्याच लायकीच्या नसतात, आणि मागणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना बाटलीची नाही, नव्या एअर फिल्टरची गरज असते.

"वहिनी, गाडी पिकअप घेईना, एक क्लीनर द्या," असं म्हणत गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा विचारते, प्लग कधी बदललेत? एअर फिल्टर? इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केलीय का? यातल्या एकाचंही उत्तर नीट आलं नाही तर बाटली देत नाही, प्लग देते. मिसिंग मारणारी गाडी बहुतेक वेळा प्लगने किंवा इग्निशन कॉइलने मारत असते. इंजेक्टरचा नंबर त्यानंतर लागतो.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, काळात ही भानगड नव्हती. कार्ब्युरेटर खोलायचा, जेट पेट्रोलमध्ये बुडवायचे, हवा मारायची, परत बसवायचं. २००० च्या आसपास मारुती ८०० सकट सगळीकडे एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत, आली आणि जेटची जागा इंजेक्टरने घेतली. हा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी एक छोटी सुई. सुईच्या टोकाशी पातळ चकती असते आणि तिला पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकं. साध्या पेट्रोल गाडीत साधारण तीन-चार बारच्या दाबाने पेट्रोल त्या भोकांतून बाहेर येतं आणि त्याचा बारीक फवारा व्हायला हवा. फवारा झाला तर जळतं. धार झाली तर थेंब मोठे राहतात, नीट जळत नाहीत, सकाळी सेल्फ लांबतो आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते.

घाण साचते कधी, तर गाडी चालताना कमी आणि बंद केल्यावर जास्त. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनवरची उष्णता थेट इंजेक्टरच्या टोकाला चढते. टोकाशी राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि जड भाग, दुधाच्या पातेल्याला तळाशी धरतं तसा, चकतीला धरून बसतो. म्हणून मार्केट यार्डात पाच-पाच मिनिटांनी गाडी बंद-चालू करणाऱ्या व्यापाऱ्याचे इंजेक्टर रोज पुण्याला जाऊन येणाऱ्या टॅक्सीपेक्षा लवकर तक्रार करतात. किलोमीटर कमी म्हणजे इंजेक्टर स्वच्छ, हे काही खरं नाही.

आता बाटलीत काय असतं ते बघू, कारण निवड तिथेच होते. पेट्रोलमध्ये धुणारं रसायन म्हणून मुख्यतः दोन घराणी चालतात. एक पॉलिइथर अमाइन, ज्याला सगळे पीईए म्हणतात. दुसरं पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, म्हणजे पीआयबीए. दोन्ही इंजेक्टर साफ करतात. फरक पुढे आहे. पीईए इंजिनातली उष्णता सोसतं आणि ज्वलनकक्षात पिस्टनच्या डोक्यावर धरलेल्या कार्बनवरही काम करतं. पीआयबीए इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर ठीक, पण ज्वलनकक्षात ते स्वतःच थोडी भर घालू शकतं. म्हणून आधीच घाण धरलेल्या जुन्या गाडीला एकदा जोरदार डोस द्यायचा असेल तर पीईएवाली बाटली, हा माझा साधा नियम.

अमेरिकेत ऐंशीच्या दशकात इंजेक्टरच्या गाड्या वाढल्या आणि तुंबण्याच्या तक्रारीही वाढल्या. शेवटी १९९५ पासून तिथल्या सरकारने पेट्रोलमध्ये ठरावीक किमान डिटर्जंट घालणं सक्तीचं केलं. ते किमान प्रमाण पुरेसं नाही असं वाटून बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये 'टॉप टियर' नावाची वरच्या दर्जाची पातळी ठरवली. गाड्या बनवणाऱ्यांनीच ही मागणी केली होती, बाटल्या विकणाऱ्यांनी नव्हे. त्यामुळे 'इंजेक्टर क्लीनर म्हणजे निव्वळ थोतांड' असं म्हणणाऱ्या मिस्त्रींशी माझं पटत नाही. रसायन खरं आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या हातातल्या बाटलीत ते आहे का आणि किती आहे.

ते कळायचं कसं? बाटलीवरची सोनेरी अक्षरं सोडा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मालाचा 'सेफ्टी डेटा शीट' नावाचा कागद असतो. त्यात घटकांचा तक्ता असतो. पॉलिइथर अमाइन किंवा निदान कुठलं तरी अमाइन दिसलं तर पुढे वाचा. सगळा तक्ता नॅफ्था, केरोसीन, हलकं पेट्रोलियम डिस्टिलेट यांनीच भरला असेल तर तुम्ही महागडं रॉकेल घेताय. आणि असा कागदच कुठे सापडत नसेल तर मी ती बाटली रॅकवर ठेवत नाही.

मध्यंतरी एक एजंट नवा माल घेऊन आला होता. चकाचक डबी, 'एव्हरेज ३०% वाढवा', दहावर दोन फ्री. मी त्याच्यासमोरच स्टीलच्या दोन ताटल्या काढल्या. एकीत त्याच्या बाटलीतले थेंब, दुसरीत माझ्याकडच्या पीईएवाल्या बाटलीतले, आणि दोन्ही मागच्या खिडकीत पंख्याखाली ठेवल्या. (घरी करणार असाल तर गॅस, देवघर, उदबत्ती यांपासून लांब, पेट घेणारा माल आहे.) दुसऱ्या दिवशी त्याची ताटली कोरडी ठणठणीत, नुसता रॉकेलचा वास. दुसरीवर बोटाला चिकटेल असा पिवळसर पातळ थर आणि किंचित माशासारखा वास. धुणारं रसायन उडून जात नाही, ते मागे राहतं, आणि तो उग्र वास अमाइनचा. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे, तेल मिसळलेली बाटलीसुद्धा थर सोडेल. पण ज्या ताटलीवर काहीच राहिलं नाही, त्या बाटलीत धुणारं काही नव्हतं, एवढं नक्की. एजंट परत आला नाही.

मी स्वतःच्या गाडीत वापरते ती शेवरॉनची टेक्रॉन कॉन्सन्ट्रेट. पीईए म्हटलं की जगभर हेच नाव आधी घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. १२ औंसाची म्हणजे ३५५ मिलीची बाटली १२ गॅलनला, आपल्या हिशोबाने साधारण ४५ लिटरला, चालते. वॅगनआर, सेलेरिओ, आय१० यांची टाकी ३५ लिटरच्या आसपास, त्यामुळे एक बाटली एका टाकीला बरोबर बसते. २० औंसाची मोठी बाटली आपल्या छोट्या गाड्यांना उगाच. जास्त ओतलं म्हणून जास्त साफ होत नाही. हिची अडचण दोन. एक, आयात माल असल्याने किंमत हजाराच्या आसपास नाहीतर वरच, आणि दर सतत हलतो. दोन, ऑनलाइन घेताना विकणारा कोण आहे ते बघावं लागतं. झाकणाखालचं सील शाबूत नसेल तर परत करा. फक्त लेबल बघून खूश होऊ नका, लेबल सांगलीतसुद्धा छापता येतं.

माझी गाडी २०१५ ची वॅगनआर, के१० इंजिन, तीन सिलिंडर, तीन इंजेक्टर. गाव आणि दुकान एवढंच तिचं जग, म्हणजे इंजेक्टर तुंबायला आदर्श परिस्थिती. प्लग नवे, फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ, तरी सिग्नलला स्टिअरिंग हाताला जाणवेल इतकं थरथरायचं. बाटली ओतायच्या आधी मी ओबीडीचा ब्लूटूथ स्कॅनर लावला. हजाराच्या आत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला बसतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. त्यातला 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' हा आकडा बघायचा. तो शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडेतिकडे असेल तर छान. अधिक दहाच्या वर गेला तर समजायचं, इंजिनचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल सोडतोय, कारण त्याला मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, दिसतंय.

पण इथे घाई नको. हवा कुठून तरी शिरत असेल, एखादा रबरी पाइप फाटला असेल, तरी आकडा अधिकच दाखवतो. ओळख अशी: स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, आकडा जास्त आणि रेस वाढवली की खाली येतो, तर हवेची गळती. स्लोवर ठीक पण चढावर, लोडवर आकडा चढत जातो, तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे इंजेक्टर, फिल्टर नाहीतर पंप. माझ्या गाडीचा लोडवर अधिक अकराकडे जायचा. म्हणून बाटली ओतली.

एक टाकी संपेपर्यंत लोडवरचा आकडा सहाच्या आत आला. थरथर पूर्ण गेली नाही, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ते थोडं हलणारच. पण शेजारी बसणाऱ्याला कळेनाशी झाली. सकाळचा सेल्फ छोटा झाला. एव्हरेज? खरं सांगू, मला फरक दाखवता येणार नाही. एसी, ट्रॅफिक, टायरची हवा यांतच एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतात. एव्हरेज वाढलं म्हणून शपथेवर सांगणारं गिऱ्हाईक भेटतं, पण त्याने त्याच दिवशी टायरमध्ये हवाही भरलेली असते.

दुसरी बाटली लिक्वी मोलीची 'इंजेक्शन क्लीनर', जर्मनीतल्या ऊल्म शहरातली १९५७ पासूनची कंपनी. आमच्याकडे सगळ्यात जास्त हीच खपते, कारण सहज मिळते आणि टेक्रॉनपेक्षा स्वस्त पडते. ३०० मिलीची बाटली सत्तर-पंच्याहत्तर लिटर पेट्रोलला आहे, हे कुणी वाचतच नाही. आपल्या ३५ लिटरच्या टाकीला अर्धी पुरते. म्हणजे एका बाटलीत दोन टाक्या. तुंबलेली गाडी सुधारायला मी हिच्यावर विसंबणार नाही, पण बरी चालणारी गाडी बरी ठेवायला, सर्व्हिसिंगच्या आधी एकदा, ही परवडते. माझ्या नणंदेच्या स्विफ्टला तेच चालू आहे आणि तक्रार नाही.

इतर दुकानांत याच रॅकवर ऑक्टेन बूस्टर नावाची मंडळी उभी असतात आणि लोक दोन्हीत गल्लत करतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलने वेळेआधी भडकू नये यासाठीची ताकद. तिचा सफाईशी संबंध नाही. काही बूस्टरमध्ये लोह असलेलं फेरोसीन असतं, काहींत मँगनीजचं एमएमटी. फेरोसीनवाल्या गाडीचे प्लग काढले की पांढऱ्या चिनी मातीवर विटकरी लाल थर दिसतो. तो थर वीज वाहून नेतो, म्हणजे प्लग मिसिंग मारायला लागतो. साफसफाईसाठी बाटली ओतून घाण विकत घेतल्यासारखं झालं. असली धातूची घाण सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागालाही, धरते; तो बदलायचा खर्च ज्याने एकदा केलाय त्याला विचारा. आमच्याकडे बूस्टर मिळत नाही.

पंपावरच्या महाग पेट्रोलचं काय? इंडियन ऑइलचं एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर, शेलचं व्ही-पॉवर. या सगळ्यांत साध्या पेट्रोलपेक्षा जास्त डिटर्जंट असल्याचं कंपन्या सांगतात. लिटरला सात-आठ रुपये जास्त धरले तर ३५ लिटरच्या टाकीला अडीचशेच्या वर गेले. चार टाक्यांत टेक्रॉनची बाटली येते. वर्षभर तेच भरण्यापेक्षा एकदा बाटली आणि बाकी साधं पेट्रोल, हा हिशोब मला पटतो. टर्बो पेट्रोल गाडी असेल आणि कंपनीनेच ९५ ऑक्टेन सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याहून महत्त्वाचं, खप असलेल्या पंपावर भरा. गावाबाहेरच्या ओसाड पंपाच्या टाकीत तळाला काय असतं ते पावसाळ्यात कळतं.

पाण्यावरून इथेनॉल आलंच. आमच्या भागात हा विषय घरचा आहे. आजूबाजूला ऊस, ऊस जातो कारखान्याला, कारखान्याची डिस्टिलरी इथेनॉल काढते आणि तेच फिरून आपल्या टाकीत येतं. २०२३ मध्ये २०% इथेनॉलचं पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. तेव्हापासून 'इथेनॉल ट्रीटमेंट' लिहिलेल्या बाटल्यांची रांग लागलीय. त्यातलं काय खरं? इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे २०% मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. एव्हरेज थोडं उतरणार ते यामुळे, आणि कुठलीही बाटली ती ऊर्जा परत आणू शकत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. एकदा बसले की बाटली ओतून परत मिसळत नाहीत, टाकी उतरवून काढावेच लागतात. जुन्या गाडीच्या टाकीतली वर्षानुवर्षांची घाणही इथेनॉलने सुटते आणि फिल्टरला येऊन अडते. बऱ्याच मारुतींत हा फिल्टर टाकीच्या आत पंपाबरोबरच असतो, त्यामुळे तो बदलायचा असतो हेच लोकांना माहीत नसतं. जुनी गाडी, इ-२० सुरू झाल्यापासून चढावर दम टाकते, असं असेल तर क्लीनरच्या आधी पंपाचं असेंब्ली उघडून बघा.

आता आमच्याकडचं खरं गिऱ्हाईक, सीएनजीवाले. शाळेची व्हॅन, ईको, वॅगनआर टॅक्सी. दिवसभर सीएनजीवर पळतात, पेट्रोल नावापुरतं, टाकीत दोन-तीन लिटर महिनोनमहिने पडून. पेट्रोलचे इंजेक्टर तसेच गरम इंजिनवर बसलेले, आतून पेट्रोल वाहत नाही म्हणून गारही होत नाहीत. आत राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो. मग एक दिवस सीएनजीची रांग बघून भाऊ पेट्रोलवर टाकतात आणि गाडी झटके खाते. असे भाऊ माझ्याकडून बाटली नेतात, टाकीत ओततात आणि परत सीएनजीवर सुटतात! चार दिवसांनी फोन, "वहिनी, काही फरक नाही." अहो, फरक पडणार कसा, बाटली टाकीत झोपलीय. दहा-पंधरा लिटर नवं पेट्रोल, त्या प्रमाणात क्लीनर, आणि ते सगळं पेट्रोलवरच जाळायचं. पुढे रोज सकाळी पहिले काही किलोमीटर पेट्रोलवर चालवले तर बाटलीची गरजच कमी लागते. पण हे फुकटचं औषध असल्याने कुणी घेत नाही.

अशाच एका ईकोचे इंजेक्टर बाटलीने सुधारले नाहीत तेव्हा सांगलीत अल्ट्रासॉनिकला, म्हणजे कंपनाने धुणाऱ्या मशीनवर, नेले होते. मी मुद्दाम बघायला गेले. चार इंजेक्टर एका ओळीत टांगलेले, खाली चार काचेच्या नळ्या, मागे दिवा. बटण दाबलं. दोघांचा छान धुक्यासारखा शंकू पडला, तिसऱ्याचा एका बाजूला झुकलेला आणि चौथ्याची सरळ धार, शेवटी बंद केल्यावरही टोकाला थेंब लोंबकळत. नळ्यांतली पातळी बघितली तर चौथीत निम्म्याहून थोडंच जास्त. मग त्यांनी इंजेक्टरच्या डोक्यातली इवलीशी जाळी हुकाने ओढून काढली. तपकिरी चिखल. ही जाळी कुठल्याही बाटलीने साफ होत नाही, कारण त्यात गंज आणि माती होती, आणि डिटर्जंट गंज विरघळवत नाही. नव्या जाळ्या, नवे ओ-रिंग, कंपनाच्या भांड्यात अंघोळ, परत टेस्ट. चारही नळ्या सारख्या भरल्या. खर्च दीड हजाराच्या आसपास, खोलायची-बसवायची मजुरी वेगळी. मालकाने त्याआधी दोन दुकानांतून आणलेल्या बाटल्यांचा हिशोब मनात केला असावा, चेहऱ्यावर दिसत होता. तिथल्याच मिस्त्रींनी सांगितलं, धुण्याआधी ते इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजतात. साध्या पेट्रोल इंजेक्टरचा बारा-चौदा ओहमच्या आसपास यायला हवा. कॉइलच गेली असेल तर ना बाटली, ना अंघोळ, नवा घ्या.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात. टीएसआय, टर्बो जीडीआय, बूस्टरजेट या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, दाब दोनशे बार आणि वर. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे धरलेला कार्बन टाकीत ओतलेलं कुठलंही औषध काढू शकत नाही. 'व्हॉल्व्ह क्लीनर' म्हणून टाकीत ओतायची बाटली या गाड्यांना विकणं मला जमत नाही. इंजेक्टरचं टोक मात्र थेट आगीत असतं, तिथे पीईए उपयोगी पडू शकतं, तेवढ्यासाठी घ्या.

डिझेलची बाटली वेगळी, पेट्रोलची बाटली डिझेल गाडीत चालत नाही. आजच्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेल पद्धतीत दाब दीड हजार बारच्या पुढे, त्यामुळे तिथे आधी डिझेल फिल्टर वेळेवर बदला, त्यातलं पाणी काढा. सिटेन, म्हणजे डिझेलची पटकन पेटण्याची ताकद, वाढवणाऱ्या बाटलीने इंजिनचा खडखडाट थोडा मऊ होतो, तेवढ्याने इंजेक्टर साफ झाला असं समजू नका. आणि जुन्या सवयीने टू-टी ऑइल ओतणाऱ्या पिकअपवाल्या काकांना हात जोडून विनंती, बीएस-६ गाडीत ते नको. त्याची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते.

ओतायची पद्धत. टाकी रिकामी होत आल्यावर, पंपावर पोचल्यावर, आधी बाटली आणि मग पेट्रोल, म्हणजे पेट्रोलच्या धारेने आपोआप ढवळलं जातं. रंगावर सांडलं तर लगेच पुसा, डाग पडतो. मग ती टाकी गावात घुटमळत संपवू नका. कोल्हापूरला जा, पंढरपूरला जा, एका लयीत तासभर गाडी चालू द्या. यातलं थोडं रसायन पिस्टन रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल बदलायच्या आधीची टाकी सगळ्यात बरी. नुकतंच महागडं सिंथेटिक ऑइल भरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबा, इंजेक्टर कुठे पळून जात नाहीत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. दर महिन्याला बाटली नेणारे एक काका आहेत; त्यांना मी आता सांगते की यंदाचा कोटा संपला.

अर्धी बाटली उरली तर झाकण घट्ट लावून सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. डिकीत नको. उन्हाळ्यात मिरजेच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली फुगते, झिरपते, आणि तो वास सीटमधून पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही.